मोलाचं माहेर

दिवाळीचे फटाके वाजून संपले की अकोल्यात स्वेटरवाल्या यायच्या. आम्ही पोरंसोरं त्यांना नेपाळी म्हणायचो, कुणी चिनी म्हणायचं. रस्त्याच्या कडेला बांबू ठोकून, ताडपत्री टाकून ओळीनं त्यांची दुकानं लागायची आणि शाळेतून येताना आमचे पाय आपोआप तिकडं वळायचे. घ्यायचं काही नसायचं. घरात स्वेटर दोन वर्षांतून एकदा, तोही बाही मनगटाच्या वर सरकल्यावर. पण त्या रंगांच्या ढिगाकडे पाहत उभं राहायला पैसे लागत नव्हते.

आईचं दुकान ठरलेलं होतं. चाळिशीतली बाई, गालावर लाली, पायापर्यंत लांब अंगरखा आणि त्यावर कमरेला बांधलेलं आडव्या रंगीत पट्ट्यांचं फडकं. गिऱ्हाईक नसलं की तिच्या हातात सुया असायच्या. आई म्हणायची, “काय माय, लोकर काय सोन्याची हाय का?” ती न चिडता म्हणायची, “दीदी, फिक्स रेट.” मग दोघी वीस रुपयांसाठी अर्धा तास घालायच्या आणि शेवटी दहावर तोडायच्या. दरवर्षी हेच.

एकदा आईनं तिला विचारलं, “तुमचं गाव कोणतं हो?” ती म्हणाली, “भंडारा.”

आई खो खो हसत घरी आली. “अवो, ते स्वेटरवाली म्हणते मी भंडाऱ्याची! अन् तोंड पाहा तिचं!” बाबा पेपर वाचत होते. ते म्हणाले, “हसू नको. खरं सांगते ती. भंडारा जिल्ह्यात त्यांचा कॅम्प आहे.” तेव्हा पहिल्यांदा ‘तिबेट’ हा शब्द आमच्या घरात आला. ज्यांना आम्ही हिमालयातले समजत होतो, ते लोक आपल्याच विदर्भातले, एस.टी.नं येणारे निघाले.

ती वसाहत म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गोठणगाव. आता हा भाग गोंदिया जिल्ह्यात येतो, कारण १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. इटियाडोह धरण, नवेगाव बांध, प्रतापगडची यात्रा हे सगळं त्याच भागातलं. १९७२ साली तिबेटी निर्वासितांना तिथं जमिनी देऊन वसवलं. वसाहतीचं त्यांचं नाव नोरग्येलिंग. आजूबाजूचे लोक नुसतं ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात.

मी सहावी-सातवीत असेन. जानेवारीत अवकाळी पाऊस आला, गारांसकट. ताडपत्र्या उडाल्या. आईनं बाबांना न विचारता त्या बाईचे स्वेटरचे गठ्ठे आमच्या ओसरीत आणून टाकले आणि तिला म्हणाली, “चाल घरी, वल्ली होऊन मरशील.” दोन रात्री ती आमच्याकडे राहिली, सोबत तिचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. तो तिला ‘आमाला’ म्हणायचा. आमा म्हणजे आई, ला म्हणजे आपल्याकडचं ‘जी’. मग आम्हीही तिला आमाला म्हणू लागलो. आईच्या हातची ज्वारीची भाकर तिनं चुरून गरम चहात कालवून खाल्ली. आम्ही तोंडाला हात लावून हसलो, आणि आईनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

माल लुधियानाहून उधारीवर यायचा, हंगाम संपला की पैसे चुकते करायचे, हे तेव्हा कळलं. म्हणजे आमच्या दहा रुपयांच्या घासाघिशीमागे तिचं वर्षभराचं गणित होतं. आईनं त्यानंतर भाव करणं सोडलं असं मात्र नाही. उलट आता हक्कानं करायला लागली.

लग्न होऊन मी लोणारला आले. डिसेंबरात माहेरी गेले की आई म्हणायची, “आमालाले भेटून ये, विचारत होती.” तिला नातवंडं झाली आणि ती आमालाची ‘मोला’ झाली. मोला म्हणजे आजी. काही वर्षांनी दुकानात तिची सून बसलेली दिसू लागली. मोलाच्या गुडघ्यांनी जवाब दिला होता.

२०२० च्या हिवाळ्यात दुकानं कमी लागली. आधीच कोरोना, त्यात जूनमध्ये गलवानला आपले जवान शहीद झाले होते. मी उभी असताना एक गृहस्थ मोलाच्या सुनेला म्हणाले, “चायनाचा माल आम्हाले नको.” ती काही बोलली नाही. स्वेटर लुधियानाचे, बाई गोठणगावची, आणि तिची सासू ज्यांच्यामुळे देशोधडीला लागली त्यांच्याच नावानं हिला टोमणा! मी तेव्हा त्या माणसाला काही बोलले नाही. बचत गटाच्या बैठकीत मी बायांना ‘आवाज उठवा’ म्हणून सांगत असते, म्हणून हे इथं लिहून टाकलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आई गेली. भावानं अकोल्याचं घर विकलं आणि तो पुण्याला गेला. त्याचं काही चुकलं नाही, पोरांची शिक्षणं तिकडं. पण त्या डिसेंबरात बॅग भरायचा प्रश्नच आला नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे डिसेंबर २०२४ ला, अर्जुनीत चुलत नणंदेच्या मुलीचं साक्षगंध होतं. लोणारहून मेहकर, मेहकरहून नागपूर, तिथून साकोली आणि मग अर्जुनी. विदर्भाच्या या टोकापासून त्या टोकाला. आमच्याकडे तूर, सोयाबीन, कापूस, काळी माती. तिकडं झाडीपट्टी, जिथं तिथं तळं आणि धानाच्या बांध्या. भाषासुद्धा वेगळ्याच चालीची. साक्षगंध आटोपलं. दुसऱ्या दिवशी नणंदेला म्हटलं, “ताई, मले गोठणगावले नेता का?” तिनं स्कूटी काढली.

धान निघालं होतं, शेतांत पुंजणे रचलेले. वसाहतीत शिरल्यावर दोरांवर लावलेल्या पाच रंगांच्या पताका दिसल्या, मठाचं सोनेरी टोक दिसलं. आणि दिसली कुलपं. घरामागून घर बंद. मला वाटलं, गाव ओस पडलं की काय. मठाभोवती हळूहळू फेऱ्या घालणारी पाच-सहा म्हातारी माणसं होती, हातात माळा. नणंद म्हणाली, “हिवाळ्यात असंच असते इथं. सारे स्वेटर विकाले जातात. राहतात म्हातारे आन् लेकरं.”

इतकी वर्षं मी ते चित्र आमच्या बाजूनं पाहत होते. आमच्याकडे थंडी आली की त्या येतात, रंग येतात, गर्दी होते. त्याच थंडीत त्यांच्या गावात म्हाताऱ्या एकट्या पडतात, हे मनात आलंच नव्हतं. म्हणजे मोलानं चाळीसएक हिवाळे परगावी फुटपाथवर काढले, आणि आता उरलेले हिवाळे ती रिकाम्या गावात काढतेय.

मोला अंगणात उन्हात बसली होती. अंग पार वाळलेलं, केसांच्या दोन बारीक पांढऱ्या वेण्या एकत्र बांधलेल्या. तिनं मला ओळखलं नाही. मी म्हटलं, “अकोला. बारिश. ओसरी में गठ्ठे.” तिनं डोळे बारीक केले आणि एकदम माझे दोन्ही हात धरले. “दीदी की बेटी!” आणि लगेच, “दीदी कैसी है?”

मी सांगितलं. ती काही वेळ गप्प बसली. हातातलं प्रार्थनाचक्र फिरत राहिलं. मग तिनं विचारलं, कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला, नाव काय. इतकी वर्षं दोघी एकमेकींना दीदी आणि आमाला म्हणत राहिल्या, नाव कुणी विचारलं नव्हतं. मोला काठी टेकत आत गेली, देवघरात दिवा लावला. खरा तो लोण्याचा असतो, पण आता डालड्यानंच भागवतात. बाहेर येऊन बसली आणि म्हणाली, “अब तेरा भी मायका गया.”

आई गेल्यावर इतके लोक भेटायला आले, इतकं बोलले. हे वाक्य कुणी बोललं नव्हतं.

मोलाचं माहेर कसं गेलं, ते त्या दुपारी तिनं तुटक हिंदीत आणि मध्येच झाडीबोलीच्या शब्दांत सांगितलं. तिबेटच्या पश्चिमेकडच्या पठारावर त्यांचं मेंढपाळांचं घर. घर म्हणजे याकच्या केसांचा काळा तंबू, उन्हाळ्यात एकीकडे आणि हिवाळ्यात दुसरीकडे. तिचा जन्म माकडाच्या वर्षाचा. त्यांच्यात वर्षांना प्राण्यांची नावं असतात, ते माकडाचं वर्ष म्हणजे १९४४. चीनचं सैन्य १९५० मध्ये आलं. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, तो चिरडला गेला आणि महिन्याच्या अखेरीस दलाई लामा तवांगच्या बाजूनं भारतात आले. त्यांच्यामागे सुमारे ८० हजार लोक डोंगर ओलांडून आले म्हणतात. मोलाचे वडील, ती आणि तिचा धाकटा भाऊ पुढच्या थंडीत लडाखच्या बाजूनं उतरले. रात्री चालायचं, दिवसा दगडाआड दडायचं. आई आली नाही. आजीला चालवत नव्हतं, म्हणून सून सासूपाशी थांबली.

“माँ बोली, गर्मी में आऊँगी.” मोला तेव्हा पंधरा वर्षांची होती.

इकडं आल्यावर सरकारनं कामं दिली ती हिमालयातल्या रस्त्यांची. कुलू-मनालीकडे मोलानं खडी फोडली. धाकटा भाऊ तिथंच तापानं गेला. थंड कोरड्या मुलखातली माणसं, इथली हवा, इथली दुखणी त्यांच्या अंगाला माहीत नव्हती. त्या रस्त्यावरच तिचं लग्न झालं, खडी फोडणाऱ्याशीच. दक्षिणेत कर्नाटकात बायलकुप्पेला १९६० मध्ये पहिली मोठी वसाहत झाली, मग मध्य प्रदेशात मैनपाटला (आता ते छत्तीसगडमध्ये आहे). मोलाच्या वाट्याला १९७२ मध्ये गोठणगाव आलं.

मे महिन्यात गोंदियाकडे पारा ४५ पर्यंत जातो. जिथं उन्हाळ्यातही रात्री गारठा, तिथल्या बाईनं तो पहिला उन्हाळा कसा काढला असेल! मोला म्हणाली, “हम लोग दिन भर तालाब में बैठते थे, भैंस जैसा.” आणि हसली. धान तिनं कधी पाहिलं नव्हतं. रोवणी शिकवली शेजारच्या गावच्या बायांनी. चिखलात उलटं उलटं जायचं, ओळ धरायची. त्या बाया रोवताना गाणी म्हणायच्या, तीही मोलाला पाठ झाली. आजूबाजूला बौद्ध वस्ती बरीच. तिथल्या घरांत बुद्धाचा फोटो पाहून तिला मोठा धीर आला. शेजारी बाबासाहेब कोण, हे नंतर कळलं.

आपण बाया लग्न होऊन परक्या घरी जातोच. नवी माणसं, नव्या रीती, नवी भाषासुद्धा. माझ्या सासूबाईंना पन्नास वर्षं झाली लोणारात, तरी कुणी गाव विचारलं की तोंडून आधी माहेरचंच नाव निघतं. पण त्या गावाला एस.टी. जाते. भाऊबीजेला भाऊ येतो. कधी नवऱ्याशी भांडण झालं तर ‘मी चालली माहेरी’ असं म्हणता तरी येतं. मोलानं नवऱ्याशी भांडण झालं तर काय म्हणायचं?

आईची बातमी तिला तब्बल पंचवीस वर्षांनी मिळाली. १९७९ नंतर काही काळ तिबेटातून थोडी ये-जा सुरू झाली होती. डिसेंबर १९८५ मध्ये बोधगयेला दलाई लामांचा कालचक्राचा मोठा सोहळा झाला आणि तिबेटातूनही हजारो लोक त्यासाठी आले. मोला त्या वर्षी धंदा अर्धा सोडून गयेला गेली. तिथं ती तंबूतंबूतून आपल्या मुलखाचा माणूस शोधत हिंडली. चौथ्या दिवशी एक म्हातारा भेटला. त्यानं सांगितलं, तुझी आजी तुम्ही गेलात त्याच हिवाळ्यात गेली. आणि आई त्यानंतर सहा वर्षांनी.

“माँ हर गर्मी में तंबू बाँधती थी, पास के पहाड़ के नीचे. रास्ते के पास,” मोला म्हणाली. पुढं ती बोलली नाही. माझी नणंद पदर डोळ्याला लावून बसली होती, आणि तिची न् मोलाची ओळख जेमतेम एका तासाची.

माझी एक भाची अमेरिकेत मिनेसोटात असते. तिच्याकडच्या भाजीबाजारात ह्मोंग जमातीच्या म्हाताऱ्या बसतात. लाओसच्या डोंगरातले हे लोक. तिथल्या लढाईत अमेरिकेच्या बाजूनं लढले, १९७५ मध्ये डाव उलटला, आणि मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांतून अमेरिकेत पोचले. भाचीनं मला त्यांच्या भरतकामाचा एक फोटो पाठवला होता. कापडावर डोंगर, विमानं, नदीत पोहणारी माणसं, सगळं दोऱ्यानं काढलेलं. आपण कसे पळालो ते त्या बाया छावणीत बसून भरत होत्या. भाची म्हणते, “मामी, तिथल्या एका आजीकडून मी कोथिंबीर घेते. तिला इंग्रजी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. पण जुडी मात्र दरवेळी दोन काड्या जास्त देते.” मोलाकडे पाहताना मला ती कधी न पाहिलेली कोथिंबीरवाली आजी आठवत होती.

आता माझी एक खोड सांगते. निराधार आणि श्रावणबाळचे अर्ज भरून भरून मला अशी सवय लागली आहे, की म्हातारी बाई दिसली की मी आधी कागद विचारते. मोलालाही विचारले. तिनं उशाखालून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात तिचं नोंदणीपत्र, परदेशी माणसाला असतं ते, ठरावीक काळानं नवं करून घ्यावं लागणारं. त्यावरची जन्मतारीख कुणीतरी अशीच टाकलेली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सगळ्या एक जूनला जन्मतात, तशीच. पासष्ट वर्षं झाली, बाई इथं राबली, इथंच तिचा नवरा जळला, आणि कागदावर ती अजून परदेशी.

मुलाचं तसं नाही. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानं भारतीय, असं आपला कायदा सांगतो. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हे मान्य केलं आणि २०१४ पासून अशा तिबेटींना मतदार यादीत नाव घालता येऊ लागलं. मोलाचा मुलगा इथलाच जन्मलेला. त्यानं नाव घातलं. म्हणजे एकाच घरात आई परदेशी आणि मुलगा भारतीय! त्या दिवसापासून मोला महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

मी म्हटलं, “मोला, ठीक ही तो किया उसने. बच्चों का भला होगा.” खरंच आहे ते. कर्ज काढायचं, जमीन घ्यायची, बाहेर जायचं, तर कागदाशिवाय पान हलत नाही. नात बंगळुरूत नर्स आहे, नातू फ्रान्समध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. ती पोरं किती दिवस पाहुणी म्हणून राहतील?

मोला म्हणाली, “उनका ठीक है. मैं तो मेहमान आई थी. मेहमान भी घर का हो गया, तो वहाँ कौन बोलेगा कि वो घर मेरा है?”

तिच्या मुलाच्या बाजूनं माझं मत अजूनही आहे. पण तिला उत्तर काय द्यावं, ते मला तेव्हा सुचलं नाही आणि आताही सुचत नाही.

फ्रान्सच्या नातवाचा फोन रोज येतो. मोला पडद्यावर त्याचं तोंड पाहते, तो “मोला, जेवलीस का” एवढं तिबेटीत विचारतो, मग दोघं नुसती हसत बसतात. त्याच्या लेकराला तर तेवढंही येत नाही. माझ्या सासूबाई पुण्याच्या पणतूशी असंच बोलतात. “हाय आजी” झालं की पुढं दोघंही माझ्याकडे बघतात. तिबेटी वसाहतींत काही ठिकाणी आता वृद्धाश्रम झालेत. मोलाला तिकडं जायचं नाही. मुलगा-सून मार्चपर्यंत परत येतात, एवढ्यावर ती खूश. तिला धास्ती आहे ती वेगळीच. दलाई लामांचं वय. २०२५ च्या जुलैत त्यांना ९० पूर्ण झाली. “वो हैं तो हम हैं,” एवढंच ती म्हणाली आणि हात जोडले.

निघायच्या आधी चहा झाला. त्यांचा चहा म्हणजे मीठ आणि लोणी घातलेला. पूर्वी लाकडी नळकांड्यात घुसळायचे, आता मोला मिक्सरमधून काढते. नणंदेनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला. मी नेटानं संपवला. चहा म्हणून प्यायलात तर फसाल, पातळ वरण समजून प्यावा.

मोला पातेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकत होती, म्हणून मी विचारलं, हा कशाला? तर म्हणे, चहाला रंग यायला. तिकडं सरोवराच्या काठावर पांढरा खार मिळायचा, तो टाकायचे. माणसं मेंढ्या घेऊन उत्तरेकडच्या खाऱ्या तळ्यांवर जायची, एकेका मेंढीच्या पाठीवर मिठाच्या दोन लहान पिशव्या लादून आणायची आणि खालच्या गावात ते मीठ देऊन जव घ्यायची. जवाचं भाजलेलं पीठ, आपल्या सातूसारखं, तेच त्यांचं रोजचं जेवण. तिचे वडील दरवर्षी मिठाला जायचे.

मी म्हटलं, “मोला, हमारे गाँव का तालाब भी खारा है.”

तिला आधी कळलंच नाही. मग मोबाईलवर फोटो दाखवले. आपलं लोणारचं सरोवर, वरून काढलेलं, हिरवंगार. काठावरचं कमळजादेवीचं देऊळ. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं तो फोटो. उल्का पडून झालेलं तळं, पाणी साबणासारखं बुळबुळीत, उन्हाळ्यात आटलं की काठावर पांढरा थर. या खाराचा उल्लेख अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीतही आहे. साबणाला, काचेला, पापडाला तो खार जायचा. आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात. मोला फोटो मोठा करून करून तो पांढरा थर पाहत होती. तिच्या सगळ्या आयुष्यात आम्ही तिच्याकडून घेतच आलो होतो, पैसे देऊन का होईना. आज पहिल्यांदा तिनं मागितलं.

“बेटी, थोड़ा ला देगी? मुट्ठी भर.”

आणि मला नाही म्हणावं लागलं. सरोवर २००० सालापासून अभयारण्य आहे. तिथलं काही उचलायचं नाही, दगडसुद्धा नाही. चोरून आणायचं, तर मी सरोवराच्या स्वच्छतेसाठी पोरींना घेऊन जाणारी बाई. मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती, आणि एकदम इतकी हसली की खोकला आला.

“वहाँ भी मना, यहाँ भी मना!”

जाताना तिनं माझ्या गळ्यात पांढरा रेशमी खता घातला, आणि आईसाठी म्हणून विणून ठेवलेले लोकरीचे मोजे हातात दिले. दोन वर्षांपूर्वी विणलेले, सुनेबरोबर पाठवायचे राहून गेलेले. मी म्हटलं, आई तर नाही. ती म्हणाली, “तू पहन. मायका तेरे पैर में.”

जानेवारीत अकोल्याला एका लग्नाला गेले, तेव्हा मोलाच्या सुनेला गाठलं आणि तिच्याजवळ किराणा दुकानातला पाव किलो पापडखार पाठवला. लोणारचा नाही, पण जात तीच, असं तिला सांगायला सांगितलं. २८ फेब्रुवारीला त्यांचं नवं वर्ष होतं, लोसार. त्या दिवशी सुनेनं फोन लावून मोलाला दिला. मोलानं आधी माझ्या सासूबाईंची, मग सरोवराची खुशाली विचारली. पापडखार जरा जास्त पडला म्हणे. चहा साबणासारखा लागला, मुलानं फेकून दिला. पण रंग मात्र अगदी बरोबर आला होता.